चोर सोडून संन्याशाला सुळी

एकदाच घडलेल्या गोष्टीची आख्यायिका होते, नित्य घडणाऱ्या गोष्टीची म्हण होते. ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ ही म्हण महाराष्ट्रात लहान पोरांच्याही तोंडी आहे. ‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ ही तिची सख्खी बहीण. या म्हणी आपल्या समाजास इतक्या अंगवळणी पडल्या आहेत, की त्यांत एका माणसाचा जीव जातो आहे, याचे भानही बोलणारास राहत नाही. वर्गात एकाने खोडी केली आणि छडी दुसऱ्याच्या हातावर बसली, कचेरीत साहेबाने चूक केली आणि ठपका कारकुनावर आला, म्हणजे ही म्हण हसत हसत उच्चारली जाते. तो संन्यासी कोण होता, त्यालाच का धरले, सुटलेल्या चोराने पुढे काय केले, याची विचारपूस म्हण करीत नाही. आणि म्हण वापरणारेही करीत नाहीत. त्यांच्यासाठी तिसरी एक म्हण तयार आहे: ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.’ हा उपदेश ज्याला पायरी चढणे न चढणे आपल्या हाती आहे अशा गृहस्थास ठीक आहे. ज्याला हातकड्या घालून ती पायरी चढविली जाते, त्याने शहाणपण कोठे चालवावे?

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. निरपराध माणसास शिक्षा होणे हा दैवाचा फेरा नव्हे. ते माणसांनी केलेले काम आहे; कोठे आणि कसे बिघडते ते शोधता येण्याजोगे आहे, आणि पुष्कळ अंशी टाळता येण्याजोगे आहे. शिवाय ते आपल्या सर्वांच्या नावाने केले जाते, कारण फौजदारी खटल्यात फिर्यादी सरकार असते आणि सरकार आपले असते. म्हणून त्याची भरपाई ही दया नसून कर्ज आहे. आणि हे कर्ज फेडण्याचा कायदा आपल्या देशात आजवर झालेला नाही.

नरसोबाच्या वाडीहून कृष्णेच्या काठाने वर गेले म्हणजे सांगलीजवळ हरिपूर लागते. हे गोविंद बल्लाळ देवलांचे गाव. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ त्यांनी मराठी रंगभूमीवर आणले, आणि चारुदत्ताच्या संकटाने आमच्या आजोबा-पणजोबांच्या डोळ्यांना पाणी आणले. त्या नाटकातील न्यायसभा आज पुन्हा नीट पाहण्यासारखी आहे. वसंतसेनेचा गळा आवळणारा शकार हा राजाचा मेहुणा. तोच फिर्याद घेऊन येतो. प्रथम न्यायाधीश त्याची फिर्याद त्या दिवशी घेण्यास नाखूश असतो. पण राजाला सांगून तुला जागेवरून काढवीन, अशी धमकी मिळताच फिर्याद घेतली जाते. चारुदत्ताचा मित्र मैत्रेय झटापटीत सापडतो आणि त्याच्याजवळचे वसंतसेनेचे दागिने भर सभेत खाली पडतात. झाले! हेतू ठरला, मुद्देमाल सापडला, आरोपी निर्धन आहे हे तर सर्वांस ठाऊकच. न्यायाधीशाच्या मनाला पटत नसताही कागदावरचा पुरावा पुरा होतो आणि चारुदत्त सुळाकडे चालू लागतो.

या न्यायसभेत कोणी राक्षस नाही. एक बलवान फिर्यादी आहे, एक दबलेला न्यायाधीश आहे, आणि वरवर जुळणारा एक परिस्थितिजन्य पुरावा आहे. एवढ्या सामग्रीवर निरपराध माणूस मरणाच्या दारी उभा राहतो, हे शूद्रकास शेकडो वर्षांपूर्वी कळले होते. चारुदत्त वाचला, कारण ज्या स्त्रीचा त्याने खून केला असे ठरले होते, ती जिवंत समोर येऊन उभी राहिली. ज्याची वसंतसेना वेळेवर येत नाही, त्याचे काय?

याचे उत्तर महाराष्ट्रातील सहा मजुरांनी सोळा वर्षे तुरुंगात राहून दिले आहे. ५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळ शेतात झोपडी करून राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. दरोडेखोरांनी पाच जणांचे प्राण घेतले आणि स्त्रियांवर अत्याचार केले. ज्याचे मन विदीर्ण होणार नाही असा वाचक नसेल, असा तो प्रकार होता. लोक प्रक्षुब्ध झाले, पोलिसांवर तपासाचा दाब आला. आणि पुढे भटक्या जमातींतील सहा गरीब माणसे आरोपी म्हणून उभी करण्यात आली. २००६ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांस फाशी सांगितली. २००७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम करून तिघांस जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही जन्मठेप रद्द करून सहाही जणांस पुन्हा फाशीच्या रांगेत उभे केले. त्यानंतर २०१८ साली पुनर्विलोकनाच्या अर्जावर त्याच न्यायालयाने आपला निर्णय मागे घेतला, अपिले नव्याने ऐकली, आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांस निर्दोष ठरवून सोडून दिले.

सहा, तीन, सहा, शून्य. पुरावा तोच, साक्षीदार तेच, कागद तेच. एवढ्याच सामग्रीवर देशातील तीन पायऱ्यांच्या न्यायालयांनी चार वेळा चार निकाल दिले. कापड तेच असून चार शिंप्यांनी चार मापे सांगितली, तर आपण त्यांच्या फीतपट्टीविषयी शंका घेऊ. येथे तर माणसांच्या मानेचे माप घेतले जात होते.

त्या कागदांत होते काय, हे कळले म्हणजे आश्चर्याची जागा संताप घेतो. हल्ल्यातून वाचलेल्या त्या कुटुंबातील बाईंस पोलिसांनी आपल्याजवळील गुन्हेगारांची छायाचित्रे दाखविली होती. घटनेनंतर दोन-तीन दिवसांतच, स्मरण अगदी ताजे असता, तिने त्यांतील चार इसम ओळखले होते. सुटलेले हे सहा त्या चारांत नव्हते. त्या चौघांवर खटला भरण्यात आला नाही. त्यांचा माग सोडून तपास दुसरीकडेच वळला. आपली म्हण येथे अक्षरशः खरी झाली. चोर सोडून संन्याशाला सुळी, एवढेच शब्द या खटल्याच्या सारांशास पुरे आहेत. त्या बाईंस आम्ही दोष देत नाही. तिने आपले काम केले होते; ज्यांनी तिचे म्हणणे पुढे न्यावयाचे, त्यांनी ते केले नाही. तिच्या माणसांचे मारेकरी मोकळे राहिले आणि तिला सोळा वर्षे असे सांगण्यात आले की, तुला न्याय मिळाला आहे. या प्रकरणात फसवणूक झाली ती एका बाजूची नव्हे, दोन्ही बाजूंची झाली.

निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने काही गोष्टी स्पष्ट नमूद केल्या. ही माणसे भटक्या जमातींतील, समाजाच्या अगदी तळच्या थरातील, मोलमजुरी करणारी आहेत. त्यांना खोटेच गोवले गेले असण्याचा संभव नाकारता येत नाही. फाशीच्या कैद्याचे एकलकोंडे जिणे आणि मरणाची टांगती भीती त्यांनी वर्षानुवर्षे सोसली. त्यांतील एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, म्हणजे त्याला फाशी देण्याचा अधिकार कोणत्याच न्यायालयास नव्हता. न्यायालयाने प्रत्येकास ५ लाख रुपये देण्याचा सरकारला हुकूम केला, कसूर करणाऱ्या तपास-अधिकाऱ्यांची चौकशी करण्यास सांगितले, आणि त्या चार इसमांचा नव्याने तपास करण्याचा आदेश दिला. ५ लाख ही रक्कम ऐकावयास मोठी वाटते. तिला सोळा वर्षांच्या दिवसांनी भागले म्हणजे दिवसाला ९० रुपयेही पडत नाहीत.

आता येथे कित्येक सज्जन म्हणतील, ‘शेवटी सत्याचा जय झालाच ना? व्यवस्था उशिरा का होईना, पण चालली.’ या समाधानाइतके घातक दुसरे काही नाही. २०१४ पूर्वी फाशीच्या खटल्यातील पुनर्विलोकनाचे अर्ज न्यायमूर्ती बहुधा आपल्या दालनातच वाचून निकालात काढीत. उघड्या न्यायालयात वकिलाचे म्हणणे ऐकून घेण्याचा हक्क त्या वर्षीच्या निर्णयाने मिळाला. मधल्या पाच वर्षांत फाशी अमलात आली असती, तर त्या निर्णयाचा लाभ घेण्यास कोण उरले असते? माणूस मेल्यावर त्याचा खटला लढण्यास कोणी जात नाही, पुढे आलेला पुरावा कोणी वाचत नाही, आणि चूक कायमची सत्य होऊन बसते. सहा जण वाचले हे खरे. पण जे व्यवस्थेमुळे वाचले असे आपण म्हणतो, ते कालगतीमुळे वाचले असे म्हणणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल.

हे एकच उदाहरण नव्हे. १९९४ साली पुण्यात सात जणांच्या खुनाचे भयंकर प्रकरण झाले. त्यात एकास १९९८ साली फाशीची शिक्षा झाली आणि ती पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली. मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने मान्य केले की, गुन्ह्याच्या वेळी तो अवघा १२ वर्षांचा होता. त्याने गुन्हा केला की नाही हा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला, तरी बालकास कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षे सुधारगृहात ठेवता आले असते. तो २८ वर्षे तुरुंगात होता. आरोपीचे वय किती, हा शाळेच्या दाखल्यावरून सुटणारा प्रश्न. तो ठाम उत्तरास येण्यास पाव शतक लागले. जेथे वयाचे असे, तेथे अपराधाचे काय?

मूळ रोग मात्र याहून जुना आहे, आणि त्याची ओळख आम्हां शिरोळकरांस नवी नव्हे. उसाच्या हंगामात गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत पाले पडतात. गावात घरफोडी झाली, मोटारीचे तांब्याचे वायर गेले, देवळाची पेटी फुटली, की चावडीवर पहिला प्रश्न ‘काय गेले?’ हा नसतो; ‘पालात कोण उतरले आहे?’ हा असतो. पुरावा मागाहून शोधावयाचा. माणूस आधी ठरलेला असतो. ही खोड आपोआप लागलेली नाही, ती कायद्याने लावली आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ पासून तो मुंबई इलाख्यासही लागू होण्याजोगा झाला. त्या कायद्याने चोरी करण्यापूर्वीच माणूस चोर ठरे, आणि तोही आईच्या पोटातून. सोलापूरच्या सेटलमेंटभोवतीचे तारेचे कुंपण ज्यांनी पाहिले, त्यांस हे वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

त्याच काळात आमचा शिरोळ पेटा ज्या संस्थानात होता, त्या संस्थानचा राजा काय करीत होता, हे येथे अभिमानाने सांगितले पाहिजे. महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या लोकांस ठरलेल्या वेळी सरकारी अंमलदारापुढे उभे राहून हजेरी द्यावी लागे. गावाला जावयाचे तरी परवानगी, उशीर झाला तरी शिक्षा. शाहू छत्रपतींनी १९१८ साली आपल्या राज्यातील ही हजेरी बंद केली. फासेपारध्यांस त्यांनी जवळ केले, कामे दिली, विश्वासाच्या जागी बसविले. ज्याच्यावर चोरीचा शिक्का, त्यालाच राखणीस ठेवावयाचे, हे तेव्हा कित्येक शहाण्यांस वेड वाटले असेल. पण माणूस जन्माने गुन्हेगार नसतो, हा सिद्धान्त महाराजांनी व्याख्यानाने नव्हे, नेमणुकीने सिद्ध केला.

स्वतंत्र भारताने तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द केला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण हजेरीचा कागद फाटला तरी हजेरीची नजर गेली नाही. मुंबई राज्यात १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. निरनिराळ्या राज्यांच्या तुरुंग-नियमांत तर जुन्या कायद्याची भाषा इतकी जिवंत होती की, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, एका मुंबईकर स्त्री-पत्रकाराच्या अर्जावर, सर्वोच्च न्यायालयास ती घटनाबाह्य ठरवावी लागली. विमुक्त जातीत जन्मला एवढ्यावरून कैद्यास सराईत समजू नये, हे या देशाच्या सर्वोच्च न्यायपीठास २०२४ साली सांगावे लागते, यापरते लज्जास्पद काय असावे?

या नजरेस खतपाणी घालण्यात सुशिक्षितांच्या भाषेचा वाटा मोठा आहे, आणि वाङ्मयास वाहिलेल्या मासिकात त्याविषयी बोलणे अप्रस्तुत होणार नाही. सकाळचे वर्तमानपत्र उघडावे. ‘टोळी जेरबंद’, ‘सराईताच्या मुसक्या आवळल्या’, ‘अट्टल चोरट्यांचा पर्दाफाश’. बातमी असते केवळ अटकेची. आरोपपत्रही अद्याप झालेले नसते. ‘आरोपी’ म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो, ‘अपराधी’ म्हणजे ज्याचा अपराध शाबीत झाला तो, हा भेद मराठीत स्पष्ट असता आपण तो रोज सकाळी चहाबरोबर गिळून टाकतो. जेरबंद म्हणजे घोड्याने मान वर करू नये म्हणून बांधावयाचा पट्टा. तो शब्द माणसास लावताना आपल्या मनात त्याच्याविषयी काय आहे, हे शब्दच सांगतो. तोच इसम दहा वर्षांनी निर्दोष सुटला, तर ती वार्ता आतल्या पानावर दोन ओळींत येते, आणि तीही ‘पुराव्याअभावी सुटका’ अशा बेताने, की वाचणाराने समजावे, केले होतेच, पण सापडले नाही. अटक पहिल्या पानावर आणि सुटका आतल्या पानावर, हा अन्याय न्यायाधीश करीत नाहीत.

गंमत अशी की, हाच वाचकवर्ग अण्णा भाऊ साठ्यांचा ‘फकिरा’ वाचून गहिवरतो, ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ यांना पारितोषिके मिळाली म्हणजे टाळ्या वाजवितो. पुस्तकातील माणसाचे दुःख त्याला समजते. पालातील माणसाविषयी मात्र ‘काही केले असेल म्हणूनच धरले’ हा एकच निर्णय त्याच्या जिभेवर तयार असतो. पुस्तक कपाटात ठेवले की सहानुभूतीही कपाटात जाते.

आमच्यावर असा आक्षेप येईल की, ‘तुम्हांस आरोपीचाच कळवळा, ज्याचे घर उद्ध्वस्त झाले त्याचे काय? आधीच गुन्हेगार सुटतात, त्यांत तुम्ही आणखी दारे उघडा म्हणता.’ हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला सरळ उत्तर देतो. निरपराध्यास शिक्षा झाली म्हणजे गुन्हेगारास शिक्षा झाली असे होत नाही. उलट, गुन्हेगाराचा शोध बंद होतो. नाशिकच्या त्या प्रकरणी हेच झाले. चुकीच्या माणसास कोंडणारे कुलूप हे खऱ्या अपराध्याचे सर्वांत बळकट कवच होय. तेव्हा पीडिताचा पक्ष घेणाराने आमच्याहूनही अधिक आग्रहाने बिनचूक तपासाची मागणी केली पाहिजे.

घाईच्या न्यायाची आवड कोठवर जाते, याचे उदाहरण आपल्या शेजारच्या राज्यात घडले. ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ बलात्कार व खुनाच्या चार आरोपींस पोलिसांनी चकमकीत ठार केल्याची वार्ता आली. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली, पेढे वाटले. महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांतूनही ‘असेच पाहिजे’ असे उद्गार निघाले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती विकास शिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालाने सांगितले की, तो गोळीबार मारण्याच्या हेतूनेच झाला होता, आणि मेलेल्यांपैकी तिघे अल्पवयीन होते. ते अपराधी होते की नव्हते हे आता कधीच ठरणार नाही. फुले उधळणारांनी न्यायाचा जयजयकार केला नव्हता; त्यांनी न्यायालय बंद केल्याचा आनंद साजरा केला होता.

आणि इतके दूर तरी कशास जावे? शिरोळहून तासाभराच्या आत जेथे पोचता येते त्या सांगली शहरात, नोव्हेंबर २०१७ मध्ये, लुटीच्या संशयावरून धरलेल्या एका तरुणाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्याचे प्रेत आंबोलीस नेऊन जाळल्याच्या आरोपावरून पोलिसांवरच खुनाचा खटला भरण्यात आला. कोठडीत माणसास मारतात ते बहुधा कबुलीसाठी. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून धरू नये, असा नियम १८७२ च्या साक्षीच्या कायद्यापासून आहे आणि २०२३ च्या नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही तो ठेवला आहे. म्हणजे दीडशे वर्षे कायदाच पोलीस कोठडीतील कबुलीवर विश्वास ठेवीत नाही. मात्र त्या कबुलीवरून वस्तू सापडली तर तेवढा भाग ग्राह्य, असा अपवाद आहे. आणि या अपवादाच्या फटीतून ठरलेले पंच, ठरलेला पंचनामा आणि ठरलेला मुद्देमाल आत येऊ शकतो. मैत्रेयाजवळचे दागिने निदान खरोखरीचे वसंतसेनेचे होते.

मग करावयाचे काय? इंग्लंडात १८९६ साली अॅडॉल्फ बेक नावाच्या गृहस्थास अनेक स्त्रियांनी ‘हाच तो ठक’ म्हणून शपथेवर ओळखले आणि त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. १९०४ साली तोच प्रकार पुन्हा झाला. नंतर खरा ठक सापडला, आणि सर्व साक्षीदार प्रामाणिकपणे चुकले होते असे दिसून आले. त्या देशाने हळहळून गप्प न बसता १९०७ साली फौजदारी अपिलांचे नवे न्यायालय स्थापिले. तेही पुरे पडत नाही असे दिसल्यावर, अपिले संपल्यानंतरही संशयास्पद शिक्षांची फेरतपासणी करणारे स्वतंत्र मंडळ १९९७ पासून सुरू केले. आपल्याकडे अपिले संपली म्हणजे राज्यपाल व राष्ट्रपती यांच्यापुढे पदर पसरण्यावाचून गत्यंतर नाही. तेथे क्षमा मिळते. आणि ज्याने गुन्हा केला नाही त्याने क्षमा कशाची मागावी?

भरपाईचे तर विचारूच नये. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया-संहितेतही, विनाकारण अटक करविणाराने अटक झालेल्यास द्यावयाच्या भरपाईची मर्यादा जुन्या कायद्यातील तेवढीच आहे: एक हजार रुपये. चुकीने शिक्षा भोगलेल्यास सरकारने काही द्यावे, असे कलम तीत नाहीच. ऑगस्ट २०१८ मध्ये विधी आयोगाने आपल्या २७७ व्या अहवालात असा कायदा करण्याची स्पष्ट शिफारस केली. जुलै २०२५ मध्ये, दुसऱ्या एका फाशीच्या कैद्यास निर्दोष सोडताना, सर्वोच्च न्यायालयानेही भरपाईच्या कायद्याचा प्रश्न संसदेने विचारात घ्यावा असे सुचविले. अहवाल फडताळात आहे. न्यायमूर्तींच्या मनात आले तर पाच लाख, न आले तर रिकामा हात, ही आजची रीत. ज्याची दाद नशिबावर अवलंबून, त्याला हक्क म्हणत नाहीत.

तेव्हा आमच्या मागण्या चार आहेत. चुकीची शिक्षा भोगलेल्यास पैसा, घर, काम आणि औषधोपचार हक्काने देणारा कायदा व्हावा. अपिले संपल्यावरही शिक्षांची फेरतपासणी करणारे स्वतंत्र मंडळ असावे. तपासाचे पोलीस आणि बंदोबस्ताचे पोलीस निराळे करावेत, हा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा आदेश कागदावरून ठाण्यात उतरावा, आणि आरोपीस अनुकूल असा पुरावा दडविणाऱ्या अधिकाऱ्यास शिक्षा व्हावी. गरिबास मिळणारा सरकारी वकील पहिल्या रिमांडापासून आणि खरोखर काम करणारा मिळावा. २०२२ अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीप्रमाणे भारतीय तुरुंगांतील दर चार कैद्यांपैकी तिघे अद्याप दोषी ठरलेलेच नव्हते. त्यांतील किती जणांस वकिलाचे तोंड नीट पाहावयास मिळाले, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी विचारावे.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. सहा जिल्ह्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे चळवळ केली होती. शिरोळच्या पक्षकारास अपिलासाठी मुंबईऐवजी पन्नासएक किलोमीटरांवर जावे लागेल, हा लाभ लहान नव्हे. पण अंतर कमी झाल्याने न्याय जवळ येतो असे नाही. सुळीचा खांब गावाबाहेरून वेशीत आणला, म्हणजे संन्यासी सुटला असे कोण म्हणेल? बेंच मागण्यासाठी जी एकजूट आपण दाखविली, तीच त्या बेंचापुढे येणाऱ्या कागदांच्या सच्चेपणासाठी दाखविली पाहिजे. वकील-संघांनी तालुक्याच्या कोर्टात ज्यांस कोणी नाही अशांचे खटले वाटून घ्यावेत. संपादकांनी अटक ज्या अक्षरांत छापली त्याच अक्षरांत सुटका छापावी. शिक्षकांनी मुलांना एक दिवस जयसिंगपूरच्या कोर्टात मागच्या बाकावर बसवावे आणि आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभे राहते ते पाहू द्यावे. आणि गावात चोरी झाली की चावडीवर बसलेल्या प्रतिष्ठितांनी ‘पालात कोण उतरले आहे?’ हे विचारण्यापूर्वी ‘पुरावा काय?’ हे विचारावे. शाहू महाराजांनी हजेरी बंद केल्यास शंभराहून अधिक वर्षे झाली. त्यांच्या पुतळ्यास हार घालणारांनी निदान एवढे तरी त्यांचे राज्य चालू ठेवावे.